कोकणातल्या वाटांवर मागचा एक्सल दुखावला तर : कमी खर्चातील दुरुस्ती

जांभ्याच्या कातळावरून, आंब्याच्या बागेतल्या कच्च्या चढावरून आणि पावसाळ्यात पाणी वाहत असलेल्या कॉजवेवरून जी फोर-व्हील (चारही चाकांना गती देता येणारी) जीप वर्षानुवर्षे चालते, तिच्या मागच्या एक्सलवर सगळ्यात जास्त भार पडतो. मागे पेट्या भरलेल्या असतात, चढावर वजन आणखी मागे सरकते आणि एक चाक मोकळे फिरून अचानक दगडाला पकडते, तेव्हा तो सगळा झटका एका शाफ्टला, म्हणजे एक्सलच्या नळीतून चाकाला फिरवणाऱ्या दांड्याला, सोसावा लागतो. हा लेख अशा नव्या गाडीमालकांसाठी आहे, ज्यांनी जुनी जीप नुकतीच घेतली आहे, पाने थोडेफार हाताळता येतात, पण एक्सल उघडण्याची वेळ अजून आलेली नाही.

माझा स्वतःचा पहिला धडा हापूसच्या हंगामातला आहे. भरलेली जीप बागेतून वर काढताना मागचा डावा शाफ्ट तुटला, तो मी तालुक्याच्या गावी एका गॅरेजमध्ये बदलून घेतला आणि दीड महिन्यात नवा शाफ्ट जवळजवळ त्याच जागी पुन्हा तुटला. दुसऱ्या वेळी एक वयस्कर मेस्त्री गाडीखाली गेले, त्यांनी शाफ्टला हातही न लावता दोन चाकांमधले अंतर पुढून आणि मागून दोरीने मोजले आणि एक्सलची नळी वाकलेली आहे, असे सांगितले. दोन शाफ्ट, दोन वेळची मजुरी आणि ऐन हंगामातले सात दिवस, एवढा खर्च त्या न मोजलेल्या दोरीपायी झाला होता. म्हणून या लेखात तपासणीला मी जोडणीइतकीच, किंबहुना थोडी जास्तच जागा दिली आहे. काय तुटले हे कोणालाही दिसते, पण ते का तुटले हे कळल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत.

दुखणे ओळखणे

पाना हातात घेण्यापूर्वी गाडी रिकाम्या रस्त्यावर सावकाश चालवावी, काचा उघड्या ठेवाव्यात आणि शेजारी एखाद्याला बसवून मागचा आवाज ऐकायला सांगावे. ॲक्सिलरेटर दाबल्यावर येणारी आणि सोडल्यावर बदलणारी किंवा थांबणारी घरघर बहुतेक वेळा क्राउन (मोठे चक्र) आणि पिनियन (लहान चक्र) या दातेरी जोडीची असते. ॲक्सिलरेटरशी संबंध नसलेला, पण वळणावर एका बाजूला भार गेला की वाढणारा आवाज चाकाच्या बेअरिंगचा असतो. चाकाच्या किंवा क्राउनच्या फेऱ्याबरोबर नियमाने येणारा ‘टक’ असा आवाज तुटलेला दात सुचवतो. गिअर टाकून क्लच सोडताना एकदाच ‘खाड’ असा ठोका येत असेल, तर लगेच डिफरन्शियलवर, म्हणजे एक्सलच्या मध्यावरून दोन्ही चाकांना गती वाटणाऱ्या दातेरी यंत्रणेवर, संशय घेऊ नये. गिअरबॉक्सकडून एक्सलकडे गती आणणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा) झिजला असेल किंवा एक्सल पाट्याला, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगला, बांधणारे यू-बोल्ट सैल झाले असतील तरी हाच आवाज येतो, आणि ती दोन्ही कामे एक्सल न उघडता होतात.

गिअर पडतो, प्रोपेलर शाफ्ट फिरताना दिसतो, पण गाडी हलत नाही, अशी स्थिती असेल तर एक शाफ्ट तुटला आहे असे धरून चालावे. साध्या डिफरन्शियलची रचनाच अशी असते की ज्या बाजूला विरोध कमी, त्या बाजूला फिरण्याची गती जाते. तुटलेल्या बाजूला विरोधच उरत नाही, म्हणून दुसरे चाक धड असूनही जागचे हलत नाही.

अशा वेळी पुढच्या चाकांवर गाडी घरी आणता येईल का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. याचे उत्तर एक्सलच्या जातीवर अवलंबून आहे. चाकाच्या मध्यभागी हब पुढे आलेला असेल आणि त्यावर गोलाकार बसवलेले बोल्ट असतील, तर तो फुल-फ्लोटिंग एक्सल. त्यात गाडीचे वजन नळीवर बसलेल्या बेअरिंगांवर असते आणि शाफ्ट केवळ फिरवण्याचे काम करतो. तो शाफ्ट काढून, आतला तुकडाही निघतो का ते पाहून, हबचे तोंड पत्र्याने झाकून गाडी सावकाश नेता येते. मध्यभागी एकच मोठा नट असेल, किंवा सपाट फ्लँजवर (शाफ्टच्या टोकाच्या चकतीवर) केवळ चाकाचे बोल्ट असतील, तर तो सेमी-फ्लोटिंग. त्यात शाफ्टच वजन उचलतो आणि तो तुटल्यावर चाक उरलेल्या तुकड्यासकट बाहेर येऊ शकते. आपल्याकडच्या बहुसंख्य जुन्या जीपांचा मागचा एक्सल या दुसऱ्या जातीचा आहे. अशी गाडी घाटात चालवून आणण्याचा मोह कितीही झाला तरी टाळावा आणि ती उचलूनच न्यावी. टोइंगचे पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

गाडी उचलणे

कोकणात प्रत्येक अंगणात जांभ्याचे चिरे पडलेले असतात आणि गाडीखाली दोन चिरे सरकवून काम करण्याची सवय सर्वत्र आहे. ही सवय अतिशय धोकादायक आहे. जांभा दगड सच्छिद्र असतो, त्यात आतून पोकळ्या असतात, आणि भिंतीत पसरून आलेला भार तो सहन करत असला तरी जॅकच्या किंवा एक्सलच्या अरुंद टोकाचा भार एका बिंदूवर आला की तो पूर्वसूचना न देता दुभंगतो. त्याऐवजी लोखंडी स्टँड वापरावेत. ते नसतील तर लाकडी स्लीपर आडवे-उभे रचावेत. पावसाळ्यात जमीन मऊ असते, तेव्हा जॅकखाली आणि स्टँडखाली जाड फळी असणे आवश्यक आहे.

दुसरी गोष्ट हँडब्रेकची. काही जुन्या जीपांमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून पुढच्या-मागच्या एक्सलला गती वाटणाऱ्या ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. एक मागचे चाक उचलले की डिफरन्शियलमुळे तो शाफ्ट धरलेला असूनही गाडी पुढे सरकू शकते, आणि प्रोपेलर शाफ्ट सोडवला की तो हँडब्रेक निव्वळ शोभेचा उरतो. ज्या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर आहे, त्यांची ती चाकेच हवेत असतात. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, लाकडी ठोकळे लावल्याशिवाय गाडीखाली शिरू नये.

खोलण्यापूर्वीचे काम

आदल्या दिवशी एक्सल गोड्या पाण्याने आणि तारेच्या ब्रशने स्वच्छ करावा. खाडीकाठच्या आणि समुद्राजवळच्या गाड्यांचे नट खाऱ्या हवेने इतके धरलेले असतात की जोर लावल्यावर नट सुटण्याऐवजी बोल्टच पिळून तुटतो. त्यामुळे सगळ्या नटांवर गंज सोडवणारे तेल किंवा डिझेल रात्रभर सोडून ठेवावे. त्याने सुटले नाही तर नट गॅसने तापवता येतो, पण ब्रेकचा रबरी पाइप आणि ऑइल सील जवळ असताना हे काम करू नये.

ऑइल काढताना एक क्रम कटाक्षाने पाळावा : आधी भरण्याचा वरचा प्लग सोडवावा आणि मगच खालचा. वरचा प्लग गंजून अडकला असेल आणि खालून ऑइल निघून गेले असेल, तर गाडीत ऑइल भरण्याचा मार्गच उरत नाही.

काढलेले ऑइल स्वच्छ पसरट भांड्यात घेऊन उन्हात पाहावे, कारण पुढच्या खर्चाचा अंदाज येथेच येतो. ते दुधाळ किंवा ताकासारखे दिसत असेल तर आत पाणी गेले आहे. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले, तेव्हा शेकडो गाड्या तासन्‌तास पाण्याखाली राहिल्या. अशा पुरातून निघालेल्या गाडीचे इंजिन साफ करून घेण्याची घाई सगळे करतात, पण एक्सलचे ऑइल पाहण्याचे राहून जाते आणि काही महिन्यांनी बेअरिंगे गंजून आवाज करू लागतात. पुरात भिजलेली जुनी गाडी विकत घेणाऱ्याने हा प्लग सौदा करण्यापूर्वीच उघडून पाहावा. ऑइल गाळल्यावर फडक्यावर आणि चुंबकावर राखाडी, बोटाला मऊ लागणारा लेप दिसला तर ती नेहमीची झीज आहे. चमकणारे पापुद्रे दिसले तर बेअरिंग गेले आहे, आणि कोपरे असलेला तुकडा सापडला तर तो दाताचा आहे. मग डिफरन्शियल उघडण्यावाचून इलाज नाही.

शाफ्ट काढणे आणि तुटलेले तोंड वाचणे

मध्यभागी एक मोठा नट असलेल्या जुन्या जीपमध्ये ड्रमसहित हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याने) बसवलेला असतो. त्याची स्प्लिट पिन काढून नट सैल करावा, पण पूर्ण काढू नये. पुलर (ओढून काढण्याचे हत्यार) लावून ताण द्यावा आणि हब सुटताना तो नटापाशी अडू द्यावा, नाहीतर तो जोरात उडून अंगावर येतो. पुलर नाही म्हणून शाफ्टच्या टोकावर हातोडा मारणारे अनेक जण पाहिले आहेत; त्याने आटे बसतात आणि तो मार आत बेअरिंगपर्यंत पोहोचतो. पुलर भाड्याने मिळतो किंवा गॅरेजवाले ओळखीने देतात. हब निघाल्यावर ब्रेकची प्लेट आणि नळीचे तोंड यांच्यामध्ये पातळ शिमा, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, आढळतात. त्या बेअरिंगची चाल ठरवतात, म्हणून कोणत्या बाजूच्या किती होत्या हे लिहून, प्रत्येक बाजूच्या वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात.

सपाट फ्लँज असलेल्या शाफ्टचे काम वेगळे आहे. चार नट सोडवल्यावरही बेअरिंग घट्ट बसलेले असल्याने शाफ्ट बाहेर येत नाही. यासाठीचे खास हत्यार विकत घेण्याची गरज नाही : ब्रेकचा ड्रम उलटा करून चाकाच्या बोल्टांवर सैल ठेवावा, वर नट दोन-तीन आटे फिरवून सोडावेत आणि ड्रम दोन्ही हातांनी धरून झटक्याने बाहेर ओढावा. ड्रमचे स्वतःचे वजन नटांवर आदळते आणि पाच-सात झटक्यांत शाफ्ट निघतो. ड्रम उघडताना आतली धूळ हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती ओल्या फडक्यानेच पुसावी.

आता तुटलेले तोंड केरोसीनने धुऊन नीट पाहावे. ओहोटीच्या वेळी पुळणीवर पाणी मागे हटताना वाळूत एकामागून एक वक्र रेषा राहतात, तशा रेषा तुटलेल्या तोंडावर दिसत असतील आणि उरलेला थोडा भाग खडबडीत असेल, तर तो शाफ्ट एका दिवसात तुटलेला नाही. तडा एका कडेला सुरू झाला, प्रत्येक फेऱ्याबरोबर थोडा थोडा आत सरकला आणि शेवटी उरलेल्या धातूला भार पेलला नाही. अशा तोंडाचा अर्थ शाफ्ट सतत वाकत होता, आणि त्याचे कारण वाकलेली नळी, गेलेले बेअरिंग किंवा नेहमीचा जादा भार यांपैकी एक असते. या रेषा मुळीच नसतील, संपूर्ण तोंड एकसारखे खडबडीत असेल किंवा मळसूत्रासारखे पिळलेले असेल, तर तो एका झटक्याचा परिणाम आहे. माझ्या दोन्ही शाफ्टांवर त्या लाटांच्या रेषा होत्या. पहिला शाफ्ट मी भंगारात टाकण्यापूर्वी नीट पाहिला असता तर दुसरा तुटला नसता.

न तुटलेल्या बाजूचा शाफ्टही बाहेर काढून पाहावा. टोकाच्या स्प्लाइन, म्हणजे लांबट खाचा, सरळ रेषेत असाव्यात. त्या दोरीच्या पिळासारख्या थोड्याशाही वळलेल्या असतील, तर त्या शाफ्टची ताकद संपलेली आहे.

नळीची तपासणी

ही तपासणी गाडी खोलण्यापूर्वी, चाके जमिनीवर असताना करणे सर्वात सोपे, म्हणून शाफ्ट तुटला असला तरी गाडी ढकलून का होईना आधी हेच करावे. मागच्या दोन्ही रिमच्या आतल्या कडेवर पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर खडूने खूण करावी आणि दोन खुणांमधले अंतर मोजावे. मग त्याच खुणा मागच्या बाजूला त्याच उंचीवर येतील इतकी गाडी ढकलावी आणि पुन्हा मोजावे. रिम स्वतः वाकडी असली तरी तीच खूण दोन्ही वेळा मोजल्याने तो दोष मोजमापात येत नाही. दोन अंतरांत दोन-तीन मिलिमीटरहून जास्त फरक आला तर नळी वाकल्याचा संशय पक्का धरावा. वर-खाली वाकलेली नळी मात्र या मापाने कळत नाही. त्यासाठी चाक वरून आत झुकले आहे का, हे ओळंबा लावून पाहावे.

तड्यासाठी गावठी पण विश्वासार्ह पद्धत आहे. नळी, मधल्या भागाशी असलेला तिचा सांधा आणि पाटा जिथे बसतो ती गादी, हे सगळे ब्रशने स्वच्छ करून त्यावर केरोसीन लावावे, पंधरा-वीस मिनिटे थांबून कोरडे पुसावे आणि वरून खडूची पूड चोळावी. तडा असेल तर त्यात शिरलेले केरोसीन हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या पुडीवर केसासारखी ओली रेघ उमटते.

काय दुरुस्त करावे आणि काय बदलावे

वाकलेली पोलादी नळी चांगल्या वर्कशॉपमध्ये प्रेसवर सरळ करता येते. मधले डिफरन्शियल आणि शाफ्ट काढून, दोन्ही बेअरिंगच्या जागा एका रेषेत आहेत हे मोजून घेतले तर हे काम टिकते. गॅसने लाल करून घणाने सरळ केलेली नळी मात्र पुन्हा त्याच जागी वाकते.

पोलादी नळीवरचा तडा वेल्डिंगने भरता येतो. तड्याच्या दोन्ही टोकांना साधारण तीन मिलिमीटरची भोके पाडावीत म्हणजे तो पुढे सरकत नाही, मग ग्राइंडरने व्ही आकाराची खाच करून 7018 जातीच्या रॉडने आखूड टप्प्यांत, आलटून पालटून बाजू बदलत भरावे. या रॉडबद्दल कोकणात विशेष सावध राहावे लागते. हा रॉड हवेतली आर्द्रता शोषून घेतो आणि ओल्या रॉडने केलेला सांधा काही दिवसांनी आतून तडकतो. त्यामुळे उघड्या पाकिटातला, पावसाळाभर वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडलेला रॉड न वापरता नवे पाकीट फोडायला लावावे किंवा रॉड भट्टीत सुकवून घ्यावेत. वेल्डिंगचा अर्थिंगचा क्लँप सांध्याच्या अगदी जवळ लावावा, कारण तो दूर लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि त्यांच्यावर बारीक खड्डे पडतात. बॅटरीच्या वायरी आधी सोडवाव्यात. एक्सल आतून ऑइलमुक्त करून, त्याचे प्लग उघडे ठेवूनच हे काम करावे. मधला भाग ओतीव लोखंडाचा असेल तर त्याला निकेलचा रॉड आणि अनुभवी हात लागतो. नवख्याने त्यापेक्षा दुसरे हौसिंग, म्हणजे एक्सलचे बाहेरचे कवच, शोधावे.

तुटलेला शाफ्ट वेल्डिंगने जोडून देणारे लोक आहेत. त्यांचे ऐकू नये. शाफ्ट घडवलेल्या मिश्रधातूच्या पोलादाचा असतो आणि त्याला दिलेला कठीणपणा वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याशेजारी बिघडतो. तो पुन्हा कधी तुटेल हे कोणी सांगू शकत नाही, आणि सेमी-फ्लोटिंग एक्सलमध्ये तो तुटणे म्हणजे घाटात चाक सुटणे होय. क्राउनच्या दातांनाही हेच लागू आहे.

खर्च खरोखर वाचतो तो लेथवर. ऑइल सील ज्या जागी शाफ्टला टेकते तिथे खोल चर पडलेला असेल, तर नवे सीलही गळते आणि दुकानदार नवा शाफ्ट सुचवतो. तिथे पातळ स्लीव्ह बसवून किंवा सील दोन मिलिमीटर अलीकडे-पलीकडे बसेल अशी व्यवस्था करून तोच शाफ्ट वर्षानुवर्षे चालवता येतो. जुना शाफ्ट परत वापरायचा असेल तर तो लेथच्या दोन सेंटरमध्ये धरून डायल गेजने सरळ आहे ना ते पाहून घ्यावे. हे काम काही मिनिटांचे आहे.

जुन्या बाजारातून घेताना

संपूर्ण जुना एक्सल घेणे कधी कधी सुटे भाग घेण्यापेक्षा स्वस्त पडते, पण त्यात एक सापळा आहे. फोर-व्हील गाडीत पुढच्या आणि मागच्या एक्सलचे प्रमाण, म्हणजे क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात, एकच असावे लागते. जुन्या विलिस जातीच्या जीपांमध्ये क्राउनला 43 आणि पिनियनला 8 दात, म्हणजे 5.38 असे प्रमाण आढळते, तर 39 आणि 8 दातांचे 4.88 असेही आढळते; बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पुढे एक आणि मागे दुसरे बसवून फोर-व्हील लावले, तर पुढची-मागची चाके वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि ट्रान्सफर केसपासून क्रॉसपर्यंत काहीतरी मोडते. ताडून पाहण्याची रीत अशी : शाफ्ट बसलेला एक्सल असेल तर एक बाजू पक्की धरून दुसऱ्या बाजूचा हब नेमके दोन फेरे फिरवावा आणि पिनियनच्या तोंडावर केलेली खूण किती फेरे घेते ते मोजावे. पाच आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त फेरे आले तर ते 5.38, पाचाला थोडे कमी पडले तर 4.88.

याशिवाय दोन्ही टोकांमधली रुंदी, पाट्याच्या गाद्यांमधले अंतर, स्प्लाइनची संख्या आणि ब्रेकची मापे ताडून पाहावीत. दुसऱ्या गाडीचा रुंद एक्सल बसवण्याचा सल्ला मिळेल. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही, हे लक्षात ठेवावे आणि जुना भाग घेतानाही पावती घ्यावी. क्राउन आणि पिनियन कधीही सुटे घेऊ नयेत. ते कारखान्यात जोडीने घासलेले असतात आणि दोघांवर जोडीचा आकडा कोरलेला असतो.

बेअरिंग मात्र जुने घेऊच नये. जुन्या बेअरिंगच्या कड्यावरचा क्रमांक उतरवून बेअरिंगच्याच दुकानात गेलात, तर गाडीच्या कंपनीच्या खोक्यात मिळणारेच माप पुष्कळदा कमी पैशांत मिळते. नकली मालाचा सुळसुळाट आहे, म्हणून पावती देणारे दुकान निवडावे.

डिफरन्शियल उघडावे लागले तर

ऑइलमध्ये तुकडे नसतील आणि घरघर नसेल, तर नवख्याने डिफरन्शियल उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उघडावेच लागले, तर बेअरिंगच्या दोन्ही टोप्यांवर पंचने खुणा कराव्यात, कारण डावी टोपी उजवीकडे चालत नाही. जोडणीनंतर दातांची बैठक पाहण्यासाठी आपले जुने मेस्त्री तेलात कालवलेला शेंदूर वापरतात. तो क्राउनच्या सहा-सात दातांना पातळ लावून, चाकाला थोडा विरोध ठेवून पिनियन फिरवतात, आणि दाताच्या मध्यावर लांबट अंडाकृती ठसा उमटला की समाधानाने हात पुसतात. ठसा दाताच्या टोकाकडे असेल तर पिनियन क्राउनपासून लांब आहे, मुळाकडे असेल तर फार जवळ आहे, असा त्याचा अर्थ होतो. शेंदूर शिशाचा असतो, त्यामुळे हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये. ठसा वाचायला शिकावे, पण पिनियनची शिम ठरवण्याचे काम पहिल्या खेपेला अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावे आणि शेजारी बसून पाहावे.

जोडणी

बेअरिंग शाफ्टवर बसवताना ते स्वच्छ तेलात साधारण 100 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे. भांड्याच्या बुडाला न टेकता ते जाळीवर असावे. गॅसची ज्योत थेट मारली तर त्याचा कठीणपणा जातो. तापलेले बेअरिंग हाताच्या जोराने जागेवर सरकते आणि थंड झाल्यावर घट्ट बसते. नळीत अडकलेले जुने बाहेरचे कडे निघत नसेल, तर त्याच्या आतल्या पृष्ठावर वेल्डिंगची एक रेघ मारावी. थंड होताना कडे आकुंचन पावते आणि सहज निघते.

सीलचे ओठ ऑइलच्या बाजूला ठेवून, ओठाला ग्रीस लावून, तेवढ्याच व्यासाच्या पाइपाने ते चौफेर सारखे ठोकावे. शाफ्ट आत सरकवताना स्प्लाइनवर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळावी, नाहीतर त्या धारदार कडा नव्या सीलचे ओठ कापतात आणि आठवड्याभरात ऑइल पुन्हा ड्रममध्ये उतरते. ऑइलने भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून परत बसवू नयेत. ऑइल आत मुरलेले असते आणि ब्रेक तापला की ते बाहेर येते.

निमुळत्या टोकावर हब बसवताना दोन्ही पृष्ठे कोरडी असावीत, चावी नवी असावी आणि नट पूर्ण आवळल्यावर स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट आणखी आवळून जुळवावे, कधीही मागे फिरवून नव्हे. पाट्याच्या सेंटर बोल्टचे डोके एक्सलच्या गादीतल्या भोकात नेमके बसले आहे, हे हात लावून पाहावे. तो बोल्ट तुटलेला असेल तर एक्सल मागे-पुढे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. यू-बोल्टचे आटे ताणलेले असतील तर नवे घ्यावेत आणि अंतिम आवळणी गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतर, कोपऱ्याकोपऱ्याने करावी.

ऑइल जीएल-5 दर्जाचे, गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जाडीचे, भरण्याच्या भोकाच्या कडेपर्यंत भरावे. क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर घसरत फिरतात आणि त्यांना हा विशेष दर्जा लागतोच. येथे इंजिन ऑइल चालत नाही.

दहा किलोमीटर सावकाश चालवून दोन्ही हबांना हात लावून पाहावा. दोन्ही सारखे कोमट असतील तर ठीक. एकावर हात ठेववत नसेल तर ते बेअरिंग जास्त आवळले गेले आहे किंवा ब्रेक घासतो आहे. पन्नास किलोमीटरनंतर हबचे नट आणि यू-बोल्ट पुन्हा आवळावेत.

शेवटचे काम एक्सलवरच्या श्वासनळीचे. एक्सलच्या माथ्यावर हवा येण्याजाण्यासाठी एक छोटी टोपी असते आणि आपल्या लाल चिखलाने ती हमखास बुजते. घाट उतरून तापलेला एक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात गेला की आतली हवा आकुंचन पावते, आणि टोपी बुजलेली असेल किंवा पाण्याखाली असेल तर तेथून किंवा सीलच्या ओठांमधून पाणी आत ओढले जाते. ती टोपी काढून तेथे ऑइलला टिकणारा रबरी पाइप बसवावा आणि त्याचे टोक चॅसिसवर उंच, खाली वळवून बांधावे. पाटे दबतात तेव्हा तो ताणला जाणार नाही इतका सैल ठेवावा. त्यानंतर आषाढात पहिल्यांदा कॉजवेवरून पाण्यातून गाडी काढली की दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, खालचा प्लग किंचित सैल करून पहिले दोन चमचे पेल्यात घ्यावेत. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने रात्रभरात तळाशी बसलेले असते आणि आत शिरले असेल तर आधी तेच बाहेर येते.